निरीक्षकाची सही

चिंचवड,
रविवार, दि. १७ ऑगस्ट २०२५

ती. शुभदाबाईंना,
मिनलचा नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी हातात पडलं. आलं होतं आधीच, पण आमच्या वॉचमनकाकांनी ते शेजारच्यांच्या खणात टाकलं होतं. चौकटीच्या कागदावरचं तुमचं अक्षर बघितलं आणि नववीची वही तपासून परत आल्यासारखं वाटलं. लाल शाई तेवढी नव्हती. 'फोनवर तू दर वाक्याला हो बाई, हो बाई करतेस, म्हणून पत्र लिहितेय,' असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे ते. नुसतं 'हो बाई' लिहून पान भरत नाही, हे मलाही आता कळतंय.

वाईला तुम्ही रुळताय हे वाचून बरं वाटलं. भावाच्या घरी वरची खोली मिळाली, सकाळी घाटापर्यंत चालणं होतं, हे छान आहे. इकडे सगळे ठीक. पप्पांचा गुडघा कुरकुरतो, पण ते भोसरीचं घर सोडून माझ्याकडे यायला तयार नाहीत. 'तिथं लिफ्टमधी कुणी बोलत न्हाई,' म्हणतात. मी शाळेत असताना तुम्ही त्यांना साहेबराव अशी हाक मारायचात, त्याचं त्यांना अजून अप्रूप आहे. कंपनीत त्यांना सगळे नंबरनं बोलवायचे. आई बरी आहे. गेल्या आठवड्यात तिनं ज्वारीच्या पापड्या पाठवल्या, त्यातल्या निम्म्या मी उभ्याउभ्याच संपवल्या.

माझं काम नेहमीचंच. दिवसभर पडद्यावर चौकोन हलवते. प्रश्न कुठे दिसावा, बटण कुठे असावं, मूल चुकलं तर त्याला काय सांगावं. लोक विचारतात, तू मास्तरीण की इंजिनियर. मी दोन्ही सांगते. मनात म्हणते, दोन्हीतलं अर्धं अर्धं.

आता तुमच्या मुद्द्याचं. जूनमध्ये संस्थेनं निघोज्याच्या शाळेतलं तुमचं पद कमी केलं आणि संगणकाच्या तासाला आमच्या कंपनीचं 'सोबती' हे टॅबलेटवर शिकवणारं सॉफ्टवेअर लावलं. टॅबलेट वाटायला आणि गोळा करायला एक ताई ठेवली. तुम्ही शाळा न्यायाधिकरणात गेलात आणि बावीस सप्टेंबरची तारीख पडली, हे सगळं मला माहीत होतं. तरी तुमच्या हातून वाचताना नवीन वाटलं.

तुम्ही दोन गोष्टी मागितल्यात. एक म्हणजे मी तुमच्या बाजूनं साक्षीला यावं. भोसरीला तुमच्याकडे शिकले, मग निघोज्याला दोन वर्षं तुमच्या शेजारच्या वर्गात शिकवलं, तेव्हा तुमचा तास कसा असतो ते मी सांगावं. दुसरी म्हणजे पद कमी करण्याच्या आदेशाला जो तुमच्या बावीस तासांचा निरीक्षण तक्ता जोडलाय, तो कुणी केला ते शोधावं. खाली निरीक्षकाच्या जागी सही नाही, नुसता कंपनीचा शिक्का आहे. 'तू वर्गात कॅमेरा लावलास तो सॉफ्टवेअरला शिकवण्यासाठी, हे मला माहीत आहे. पुढे ते कुणाच्या हाती लागलं ते बघ,' असं तुम्ही लिहिलंत. आणि तक्त्यातलं ते वाक्य, 'पस्तीस मिनिटांचा हा तास प्रत्यक्षात एकोणीस मिनिटांचा आहे', त्याखाली तुम्ही दोनदा रेघ ओढलीत. हे ज्यानं लिहिलं तो आयुष्यात कधी वर्गात उभा राहिला नसेल, म्हणालात.

असेलही तसं, बाई. कंपनीत नाना तऱ्हेची माणसं आहेत. अनिश आमच्या गटाचा प्रमुख आहे, त्याला विचारते.

साक्षीचं कळवते. रजा मिळते का ते बघावं लागेल.

वहिनींना नमस्कार सांगा. वाईत गारठा असेल, कानाला बांधत जा.

तुमची,
मिनल


चिंचवड,
रविवार, दि. ३१ ऑगस्ट २०२५

ती. बाईंना नमस्कार.

गौरी आज आल्या असतील तुमच्याकडे. आमच्या सोसायटीत गणपतीसमोर स्पर्धांचा रतीब चालू आहे. आज लहान मुलांची 'कोडिंग स्पर्धा' ठेवलीय आणि परीक्षक म्हणून मला पकडलंय. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

तुमचं दुसरं पत्र आलं. चारच ओळी. 'रजा मिळाली का? अनिशने काय सांगितले?' तुम्ही प्रश्न विचारून गप्प बसता तेव्हा समोरच्याला पळायला जागा राहत नाही, हे आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

अनिशला विचारलं. तो म्हणाला, असे तक्ते टीम करते, त्यावर एका माणसाचं नाव नसतं. उलट त्यानंच एक कागद माझ्यापुढे ठेवला. संस्थेला माझं प्रतिज्ञापत्र हवंय. तुमची विद्यार्थिनी असूनही मी म्हणते की अभ्यास टीमनं तटस्थपणे केला, असं. 'यात खोटं काय आहे?' असं त्यानं विचारलं. शब्द शब्द बघितला तर खोटं काही नाही. कागद माझ्या खणात आहे. अजून सही केलेली नाही.

गुरुवारी निघोज्याला जाऊन आले. 'सोबती' नीट चालतंय का ते बघायचं होतं. भोसरीहून चाकणची बस, पुढे शेअर रिक्षा. रस्ता आहे तसाच आहे, कंटेनर आडवा लागला की अर्धा तास गेला. शाळेत संस्थेचे जयसिंगराव भेटले. त्यांचं स्वतःचं पार्ट बनवायचं वर्कशॉप आहे, त्यामुळे शाळेतही ते बूट वाजवत सगळीकडे फिरतात. मला म्हणाले, 'मॅडम, तुमचा तो तक्ता बघितला आणि पहिल्यांदा मला शाळा कळली. सायकल टाइम, म्हणजे एका पार्टला किती वेळ. काम, बिनकाम. आमच्या शॉपवर हेच असतं. नाहीतर शिक्षक लोक काय बोलतात, आम्हाला ओ की ठो कळत नाही.' माणूस मनापासून बोलत होता.

मग नववीच्या वर्गात बसले. सलोनी आठवते ना? तिसऱ्या बाकावरची, वडील चाकणला पेंट शॉपला आहेत ती. तिच्या शेजारी बसले. पडद्यावर प्रश्न आला. तिनं हाताची घडी घातली. वर्गात बघितलं तर सगळ्यांच्याच हाताची घडी. पाच सेकंदांनी 'सोबती'नं इशारा दिला. घडी तशीच. आणखी पाच सेकंदांनी दुसरा इशारा. आणखी पाच सेकंदांनी पूर्ण उत्तर. मग तिनं 'पुढे' दाबलं.

मी विचारलं, 'तू प्रश्न वाचलास का?'

'कशाला, मॅडम? नुसतं बसायचं. तीनदा पाच सेकंद. मग तेच सांगतं.' आणि मला एकटीलाच समजावल्यासारखं हळू म्हणाली, 'घाईत काही दाबलं तर मार्क जातात.'

वर्ग शांत होता. टॅबलेट वाटणारी ताई म्हणाली, पोरं फार शहाणी झालीत, पूर्वी या तासाला किती कालवा असायचा. अहवालात सत्त्याण्णव टक्के धडे पूर्ण दिसतात. मी कागदावर 'समाधानकारक' लिहिलं आणि निघाले. बस मिळाली, जागा मिळाली. घरी येऊन पिठलं टाकलं, खाल्लं, झोपले. झोपही लागली. बाई, मला खरंच काही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असतो पण आपला वाटत नाही, तसं जूनपासून चाललंय. हे तुम्हाला सांगावं की नाही कळत नव्हतं, पण लिहून गेलं.

पाच सेकंद हा आकडा कुणी ठरवला, हे तुम्ही विचारालच. मी ठरवला. तेवढं आज सांगते.

साक्षीचं अजून नक्की नाही.

तुमची,
मिनल


भोसरी,
शनिवार, दि. १३ सप्टेंबर २०२५

बाई,

आज पप्पांकडे आलेय. त्यांच्याच पलंगावर बसून लिहितेय, त्यामुळे अक्षर वाकडं आहे. हे पत्र पोस्टानं न पाठवता कुरिअरनं पाठवते, म्हणजे तारखेच्या आधी नक्की मिळेल.

तक्ता मी केला. बावीसच्या बावीस तास मी केले. टीम नव्हती, अनिश नव्हता, कुणाच्या हाती काही लागलं नव्हतं. 'पस्तीस मिनिटांचा हा तास प्रत्यक्षात एकोणीस मिनिटांचा आहे' हे वाक्य माझं आहे. तुम्ही ज्याला म्हणालात की कधी वर्गात उभा राहिला नसेल, ती तुमच्या शेजारच्या वर्गात दोन वर्षं उभी होती.

कसं झालं ते सांगते. सबब म्हणून नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं दोन पत्रं झालं, तेवढं पुरे.

गेल्या हिवाळ्यात तुमचे तास रेकॉर्ड करून आणले. सॉफ्टवेअरला तुमच्यासारखं शिकवता यावं म्हणून तुम्ही कुठल्या क्षणी काय करता ते मांडायचं होतं. त्याला नमुना हवा होता. पप्पांच्या फाईलमध्ये त्यांच्या प्रेस शॉपचा, जिथे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथला, एक जुना टाइम स्टडीचा कागद होता. घड्याळवाला माणूस मशीनशेजारी उभा राहून कामगाराची प्रत्येक हालचाल सेकंदात लिहितो, तो. मला तो फार आवडला. रकाने नीट, सगळं एका नजरेत. मी तस्साच्या तस्सा घेतला. वेळ, काय चाललंय, प्रकार. प्रकार मी तीन ठेवले होते. शिकवणं, मुलांचं उत्तर, आणि थांब.

थांब म्हणजे तुम्ही प्रश्न विचारून गप्प राहता ते. बाई, पहिल्या दिवशी ती थांब मोजताना मी खूश होते. वाटलं, हेच तर बाईंचं आहे, हेच मशीनला शिकवायचं. चाळीस सेकंद, सव्वा मिनिट. एकदा तर चार मिनिटं दहा सेकंद.

एप्रिलमध्ये संस्थेला सारांश द्यायचा होता. अनिश म्हणाला, जयसिंगरावांना तीन प्रकार समजणार नाहीत, त्यांच्या शॉपवर दोनच असतात, काम आणि बिनकाम. सोपं कर. कसं सोपं कर ते त्यानं सांगितलं नाही. संगणकावर 'थांब' हा शब्द निवडून त्या जागी 'बिनकाम' टाकायला मला एक क्षण लागला. तीनशे बारा ठिकाणी बदललं, असं पडद्यावर आलं. मी ठीक आहे दाबलं.

मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणणार नाही. पण एवढी बेरीज केल्यावर तास एकोणीस मिनिटांत बसला आणि आमचं 'सोबती' तुमच्यापेक्षा चलाख दिसायला लागलं. माझ्या चार वर्षांच्या कामाला पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवणार होतं. मी ते वाक्य वर ठळक लिहिलं. 'सोबती'तली थांब पाच सेकंदांवर आणली. शिक्क्याच्या वर सहीची जागा होती, ती तशीच रिकामी सोडली.

तुमचं पद जाईल असं वाटलं नव्हतं. एवढं मात्र खरं आहे. पण त्याला काय अर्थ आहे.

आज सकाळी पप्पांना तक्ता दाखवला. चष्मा लावून त्यांनी पहिलं पान सावकाश वाचलं. मग म्हणाले, 'हा तर आमचा कागद हाय.'

'तुमच्याच फाईलमधनं घेतला होता.'

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जिचा शेवट तेवढा मला माहीत होता आणि बाकीची मी कधी ऐकलीच नव्हती. प्रेसवर असताना दर दहा पार्टांनंतर ते एक पार्ट उचलून त्याच्या कडेवरनं अंगठा फिरवायचे. धार आली का बघायला. घड्याळवाल्यानं त्याला 'रिकामा हात' लिहिलं. साहेबांनी ते बंद करायला लावलं. दोन महिन्यांनी अख्खा लॉट कडेला फाटून परत आला, आणि प्रेसवर कोण होतं तर साहेबराव. त्यांना पॅकिंगला टाकलं. निवृत्त होईपर्यंत ते पॅकिंगलाच होते. मला वाटायचं, पप्पांना खोकी भरायला आवडतं.

'तो घड्याळवाला वाईट न्हवता,' म्हणाले. 'आमच्यासंगं चा प्यायचा. पर कागदाखाली नाव न्हवतं कुणाचं. मी युनियनकडं गेलो, साहेबाकडं गेलो. समदे म्हनले, कागद डिपार्टमेंटचा हाय. भांडायचं कुणाशी तेच कळलं न्हाई. सोळा वर्सं.'

मग तक्ता उलटा करून त्यांनी शेवटचं पान काढलं आणि बोट ठेवलं. 'हितं कुणाची सही हाय?'

मी म्हटलं, 'माझी हवी होती.'

ते उठून मोरीवर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाले, काही न्हाई. मला रडू आलं नाही. लाज वाटली. गेल्या तीन महिन्यांत मला वाटलेली ही पहिली गोष्ट आहे, म्हणून लिहून ठेवतेय. बाकी सगळं अजून बधिरच आहे.

आजच्या आधी काय केलंय तेही सांगते. अनिशचं प्रतिज्ञापत्र काल त्याला परत दिलं. तुमच्या वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ज्यानं तक्ता केला तोच येऊन कुठल्या शब्दाचा काय अर्थ होता ते सांगणार असेल, तर त्याला वजन येईल. निकाल काय लागेल ते मात्र कुणी सांगू शकत नाही, असंही म्हणाल्या. मी येते म्हटलं. अनिश रागावला नाही. 'मग तुला इथे राहता येणार नाही, कळतंय ना?' एवढंच बोलला, आणि सोमवारची मीटिंग कुणाकडे देऊ ते विचारलं. मी नाव सुचवलं.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होती. गेले नऊ दिवस ऑफिसातून आले की बावीस तास परत बघितले. तीनशे बारा ठिकाणी 'बिनकाम' खोडून पुन्हा 'थांब' लिहिलं, हातानं, चौकटीच्या कागदावर. आणि शेजारी एक नवा रकाना आखला, थांबल्यानंतर काय झालं त्याचा. दोनशे सत्तर जागी तिथे एखाद्या मुलाचं नाव आहे. उरलेल्या जागी कुणीच बोललं नाही, तेही तसंच लिहिलंय.

ती चार मिनिटं दहा सेकंद कशाची होती, तुम्हाला आठवतं का? संगणकात एकच सूचना पुन्हा पुन्हा कशी चालते ते शिकवायला तुम्ही वर्ग मैदानात नेला होता. सलोनीला सांगितलंत, फेऱ्या दहा होईपर्यंत झेंड्याच्या खांबाभोवती चालत राहा. आणि वर्गातल्या इराला सांगितलंत, फेऱ्यांच्या आकड्याची पाटी धरून उभी राहा. पाटीवर शून्य होतं. आकडा वाढवायचं तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. सलोनी चालत राहिली. मुलं हसली, मग कंटाळली, मग गप्प झाली. कॅमेऱ्यात तुम्ही कडेला दिसता, पदर खोचलेला, तोंडातून शब्द नाही. संस्थेला दिलेल्या तक्त्यात तिथे माझा शेरा होता, 'शिक्षिका निष्क्रिय'.

मग सलोनी एकदम थांबली. जी वर्षभर वर्गात बोलली नव्हती, ती मोठ्यानं म्हणाली, 'बाई, हे कधी संपणारच नाही. मी चालतेय, पण पाटी कुणी बदलतच नाहीये.'

तुम्ही म्हणालात, 'मग बदल.'

हे त्या नव्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं. बाकीचं नंतर भरलं.

बावीसला मी सकाळच्या बसनं येईन. तुम्ही मला तुमची साक्षीदार म्हणून बोलावलं होतंत. आता कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा. आत घेतलं नाहीत तर बाहेर बाकावर बसेन. नाव पुकारलं की येईन, आणि जे इथे लिहिलंय तेच बोलेन. माझ्याशी बोला असं मागत नाही. या पत्राला लगेच उत्तरही लिहू नका. तुम्ही जेवढा वेळ घ्याल तेवढा घ्या, मी मोजणार नाही.

बावीस तासांचे कागद सोबत जोडलेत. प्रत्येकाखाली सही केली आहे. तारीख आजचीच घातली, उशीर झालाय तो दिसू दे.

निरीक्षक,
मिनल साहेबराव ओव्हाळ